उचलून पाहिलेला प्रिंटर

दुकानात आलेली बाकीची माणसं छापून निघालेला कागद उजेडात धरून बघत होती. माझी वहिनी प्रिंटर उचलून बघत होती.

"मॅडम, ते दाखवायचं मशीन आहे," दुकानदार म्हणाला. "वायर तरी काढू द्या."

त्यानं वायर काढली. वहिनीनं तो लहानसा कार्ट्रिजवाला प्रिंटर दोन्ही हातांनी छातीशी धरला, दारापर्यंत गेली, बाहेरच्या चार पायऱ्या उतरली, पुन्हा चढली आणि परत येऊन होता तिथं ठेवला. "हा चालेल," ती मला म्हणाली. रंग कसे उमटतात ते तिनं अजून पाहिलंही नव्हतं.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. या दोघींपैकी अक्कल कोणाला आहे ते तो ठरवत असावा आणि त्यानं मला निवडलं. माणसं ओळखण्यात तो कच्चा होता, पण ते त्याला कळायचं काही कारण नव्हतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वयानं माझ्याएवढीच, पण मला 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणते. मी तिला सरळ 'तू' म्हणते. ती घरी लेबलं छापते. कोणाच्या साबणाची, कोणाच्या मेणबत्त्यांची, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे शाळकरी मुलांच्या वह्यांवर चिकटवायची नावं, कोपऱ्यात मुलाचा फोटो. तिचा हात इतका साफ आहे की तिनं कात्रीनं कापलेला गोल स्टिकर यंत्रावर कापलाय असं वाटतं. पण जुना प्रिंटर थकला होता. मधूनच पिवळा रंग गिळायचा, मग मुलांची तोंडं जांभळट यायची. "माझा मुलगा गारठलाय का हो?" असं एका आईनं विचारलं, तेव्हा कुठे दादा नव्यासाठी तयार झाला.

वहिनीचं टेबल आईच्या खोलीच्या दाराला लागून आहे. आई म्हणजे माझी आई. चार वर्षांपूर्वी झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणं नीट कळत नाही. डाव्या हातात चमचा असतो आणि उशाशी स्टीलचा पेला. काही हवं असलं की ती पेला वाजवते. एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की कूस बदलायची, वाजतच राहिला की नुसतं जवळ येऊन बसायचं. ही भाषा वहिनीनंच बसवली. त्यामुळे ती अस्खलित फक्त तिलाच येते. कागद मशीनमध्ये सरकवायचा, पेला वाजला की उठायचं, परत यायचं, कागद तिरका गेलेला असतो, तो काढून दुसरा घालायचा. दिवसाकाठी ती दाराबाहेर पडते ती कचरा टाकायला, आणि तोही पळत टाकून येते.

दादा वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगून टाकते, बहीण आहे मी त्याची. पंपांच्या कारखान्यात पाळीवर सुपरवायझर आहे, थकून येतो, बायकोचं चारचौघांत कौतुक करतो. "घरबसल्या करते सगळं," म्हणतो. त्याच्या तोंडून 'घरबसल्या' ऐकलं की वाटावं, ही बाई गादीवर लोळत लेबलं छापते.

मी एका ऑफिसच्या खरेदी विभागात आहे. यंत्रांच्या बाबतीत माझा शब्द घरात शेवटचा. वहिनीनं फोन करून "प्रिंटर घ्यायला याल का?" विचारलं, तेव्हा मला त्याचं जरा बरंच वाटलं होतं.

"कार्ट्रिजवाला तुला परवडणार नाही," मी दुकानात तिला सांगू लागले. "एवढं रोजचं काम, दर आठवड्याला शाई संपेल. टँकवाला बघ."

टँकवाला चांगला ऐसपैस होता. पुढच्या बाजूला शाईच्या चार टाक्या, आत हेलकावणारे चार रंग दिसत होते. "मशीन उत्तम आहे," दुकानदार म्हणाला. "फक्त एकदा भरून जागेवर ठेवलं की हलवायचं नाही. तिरकं झालं की शाई आत सांडते."

वहिनीनं माझा दंड धरला आणि मला बाहेर पायरीवर आणलं.

"शाळेसमोरच्या स्टेशनरीवाल्या बाई मला टेबल देतायत," ती भराभर म्हणाली. "दहा ते दोन. खिडकीपाशी. मुलांना सोडायला आलेल्या पालकांना तिथल्या तिथं स्टिकर हवे असतात. दुपारनंतर ती जागा त्यांना लागते, म्हणून प्रिंटर रोज न्यायचा आणि आणायचा. हा लहान मी नेऊ शकते. बघितलंत ना तुम्ही?"

"आणि आई?"

"वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई आता निवृत्त झाल्यात. चार तास बसतील. मी बोलून ठेवलंय. पेल्याचं सगळं शिकवीन मी त्यांना." मग तिनं माझा दंड सोडला. "चार तासच, वन्सं. मला त्या घरात आता गुदमरतं. पेला वाजला नाही तरी ऐकू येतो. यांचा आता फोन येईल, तुम्ही फक्त म्हणा, लहान घ्या. हे तुमचं ऐकतील."

तिचे डोळे भरले नव्हते. भरले असते तर मला सोपं गेलं असतं. ती कामाचं बोलत होती, हिशेबानं, सगळी तयारी करून आलेल्या माणसासारखी.

मला आनंद झाला, हे खरं आहे. तो आनंद किती टिकला हेही सांगते: पायरीवरून आत जाईपर्यंत. तेवढ्यात माझ्या डोक्यात पुढचं सगळं उलगडलं. नर्सबाई महिन्याभरात कंटाळणार. वहिनीला खिडकीची सवय झालेली असणार. मग दादाचा फोन येणार, "थोडे दिवस तू ने आईला." माझं दोन खोल्यांचं घर, नोकरी, नवऱ्याचं तोंड. मी वर्षातून दोनदा येते, आईचे केस विंचरते, निघताना रडते आणि शेजारी म्हणतात, लेकीचा किती जीव आहे. एवढ्यावर माझं छान चाललं होतं.

दादाचा फोन आलाच. वहिनीनं तो स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला.

"ठरलं का गं?" दादा म्हणाला. "तू म्हणशील तो घ्यायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"टँकवाला घे," मी म्हणाले. "पान स्वस्त पडतं, रंग पक्का येतो, फोटोला बरा. लहान घेऊन उगाच हात पोळतील."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. खरेदीच्या कामात मी हेच शिकले आहे, खोटं न बोलता माणसाला हवं तिकडे कसं वळवायचं.

वहिनीनं फोन बंद करून पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. दुकानदाराला विचारलं, "याला टेबल केवढं लागेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस येऊन मशीन लावून गेला. आईच्या दाराशी, भिंतीला लागून. पहिलंच पान असं निघालं की फोटोतली मुलं धावत आल्यासारखी टवटवीत. दादानं ते शेजाऱ्यांना नेऊन दाखवलं. मी आईजवळ बसून तिचे केस विंचरत होते आणि शेजारच्या टेबलावर पान सरकल्याचा, थांबल्याचा, पुन्हा सरकल्याचा आवाज येत होता. दुपारी स्टेशनरीवाल्या बाईंचा फोन आला. "नाही हो जमणार," वहिनी म्हणाली. "मशीन हलवता येत नाही." माझं नाव तिनं घेतलं नाही.

तिनं ते घेतलं असतं, भांडली असती, तर मला माझी बाजू मांडता आली असती. ती नेहमीसारखीच वागत राहिली, मला आवडते तशी कमी साखरेची कॉफी देत राहिली आणि माझ्या जिवाला घोर लागला. तिसऱ्या दिवशी बॅग भरताना मला राहवलं नाही. माणूस स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला कसं टपलेलं असतं बघा.

"तूच का नाही सांगितलंस दादाला?" मी म्हणाले. "टेबलाचं, नर्सबाईंचं. समजावून सांगितलं असतंस तर तो काही नाही म्हणाला नसता."

ती स्टिकर कापत होती. तिनं कात्री गोलाकार पुरी फिरवली.

"दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "हे म्हणाले, आईला परक्या बाईवर सोडायचं तर आधी तिच्या लेकीला विचार. लेक हो म्हणाली तर माझी हरकत नाही." तिनं कापलेला स्टिकर बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं, वन्सं."