पेचकस कानाला लावणारा मिस्त्री

माझं अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. कोणी वाचलंच तर माफ करा.

माझी जेवणाचे डबे पोचवायची व्हॅन खडखडायला लागली, तेव्हा सीताबर्डीच्या गॅरेजवाल्यानं बोनेट न उघडताच इंजिन बदलायला सांगून दहा हजार आगाऊ घेतले. मन मानेना म्हणून महाल भागातल्या दुसऱ्या गॅरेजात दाखवली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावून डोळे मिटले. मग मलाही ऐकवलं. नुसती टिकटिक.

"टॅपेट ढिले झाले, बाई. घट्ट कसले की झालं. इंजिन काहून बदलून राहिल्या?"

"पण तो म्हणाला..."

"त्यानं गाडी नाही आयकली. तुमचा बारीक आवाज आयकला."

अंगाची आग झाली. तशीच सीताबर्डीला गेले आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "बोनेट तरी उघडलं होतं का गा?"

दहाच्या दहा हजार हातात येईपर्यंत आवाज खाली केला नाही.