पिकअप उंच केली ती कुणासाठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विहारातल्या मंडळींना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं — पण तसं काही होत नाहीये. तेव्हा आधी गाडीबद्दलच बोलतो.

माझी पिकअप बघायला तुम्हाला मान वर करावी लागेल. आमच्या कोन गावात एवढी उंच पिकअप दुसरी नाही. मागे कमानीचे जादा पाटे चढवलेत, पाट्यांखाली लोखंडी ठोकळे, शॉकअप लांबीचे, पुढून बोल्ट आवळून नाक उचललेलं. का केली एवढी उंच, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, भिवंडीत गोदामांकडे जाणारे रस्ते बघितलेत ना? लोक लगेच मान डोलावतात. त्या खड्ड्यांनी कितीजणांच्या गाड्यांची पोटं फाडलीत. कारण इतकं पटण्यासारखं आहे की कधीकधी मलाही ते खरं वाटतं.

खरं नाही ते.

माझ्या बाबांचा जन्म कापडाच्या लूमवर गेला. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडूनच, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज चार घरं ऐकू जातो. लूम सुटली, गुडघे गेले, आणि त्याच सुमारास मी पिकअप घेतली. मग रोज सकाळी बाबा माझ्या शेजारच्या सीटवर. काच खाली, कोपर बाहेर. रस्त्यात दिसेल त्याला — हमाल, चहावाला, वॉचमन — खणखणीत ‘जय भीम’. समोरून कुणी ‘सलाम चाचा’ म्हणे, कुणी ‘राम राम’, कुणी नुसताच बघत राही. बाबांना सगळं सारखंच. मला त्यांचं नवल वाटायचं. माणूस इतका निर्धास्त कसा असू शकतो?

कारण मी तसा नव्हतो. मला काम देणाऱ्या गोदामाच्या सुपरवायझरने पहिल्याच दिवशी चहा पाजताना म्हटलं होतं, “बरं झालं, आपल्यातलाच माणूस मिळाला.” आमचं आडनाव त्याच्या जातीतही असतं, आमच्यातही. मी काय केलं? हसलो. चहा संपवला. तेवढ्याने काम पक्कं झालं, आणि त्या दिवसापासून बाबांच्या आवाजाची मला भीती वाटायला लागली.

मी त्यांना गेटच्या अलीकडे चहाच्या टपरीवर उतरवू लागलो. आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, असं सांगून. पण एके दिवशी मला उशीर झाला, तर ते माझ्यासाठी चहाचा ग्लास घेऊन चालत आत आले. लांबूनच तो आवाज, ती हाळी. सुपरवायझरने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कोण रे हे?”

“आमच्या शेजारी राहतात,” मी म्हणालो.

बाबांनी ऐकलं नसावं. लूमवाल्यांना कमी ऐकू येतं. मी इतकी वर्षं हेच धरून बसलोय — की ऐकलं नसावं.

दुसऱ्याच दिवशी मी धामणकर नाक्याच्या मागे कमानपाट्यांचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री उत्तरेकडचा, शांत माणूस. त्याने रीतसर विचारलं. माल किती भरता, रिकामी किती चालते, रस्ता कसला. गाडी उंच करायची तर हेच बघून ठरवायचं असतं. मी मात्र वेगळंच माप घेऊन गेलो होतो. विहाराच्या पायऱ्या चढताना बाबांचा पाय किती उचलतो, ते मी नीट बघून ठेवलं होतं. माझ्या मांडीवर हात आडवा धरून मी त्याला त्याहून वरची उंची दाखवली.

“इतना? खाली गाड़ी उछलेगी, भाई,” तो म्हणाला, आणि त्याच्या मनाने त्याने जरा कमीच केली.

सकाळी बाबांनी गाडी बघितली आणि हरखून गेले. एक फेरी मारली तिच्याभोवती, चाकाला हात लावला, मडगार्डवरून फिरवला. “आरं, हत्तीवानी दिसते ही तं,” म्हणाले. आणि मग वरचा दांडा धरून, लोंबकळून, दम खात — चढले. चढले आणि लहान पोरासारखे हसले. “बसलो बघ. हितून आख्खं कोन दिसतंय.” मीही हसलो.

त्याच दुपारी मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो.

इथवर कुणी म्हणेल, भीतीपोटी केलं, माणूस आहे. पण दुसऱ्या खेपेला काय म्हणायचं? ठोकळे बदलून घेतले, पुढचा बोल्ट आणखी आवळायला लावला. मिस्त्री नको नको म्हणत होता. पुढच्या सकाळी बाबांचा पाय वर गेला, पायरीला पोचला नाही, खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा खाली आला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. खाली उतरून आधार द्यायला असा किती वेळ लागतो?

“ऱ्हाऊ दे,” बाबा म्हणाले. “मी आता खालूनच बघीन.”

आणि खरंच बघत राहिले. रोज सकाळी वळणावर उभे राहून, गाडी नजरेआड होईपर्यंत.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला विहारासाठी नवी मूर्ती आली. दगडाची, बसलेल्या बुद्धाची. मिरवणूक माझ्याच गाडीतून काढायची असं सगळ्यांनी ठरवलं, म्हणजे मूर्ती लांबून दिसेल. रिकामी गाडी उडते म्हणून तळाला वाळूची पोती पसरली, वर मूर्ती ठेवली, फुलं लावली. मी गाडीत बसून आरशात बघत होतो. तो चेहरा लोकांच्या डोक्यांवरून, पत्र्यांवरून, पार पहिल्या मजल्यांच्या गॅलरीपर्यंत पोचला होता. बायका गॅलरीतून हात जोडत होत्या. एवढी उंची मी कशासाठी दिली होती, आणि तिथे कोण येऊन बसलं होतं!

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. एक पाय वर आला — आणि पायरीवर टेकला.

वजनाने गाडी बसली होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माप घेतलं ते रिकाम्या गाडीचं. बाबा दांडा धरून सावकाश चढले, आपल्या जागेवर बसले, काच खाली केली. “आज बसली बघ गाडी माझ्यासाठी,” म्हणाले.

मिरवणूक मुख्य रस्त्याने निघाली. गोदामाच्या गेटवर सगळे बघायला उभे होते, सुपरवायझरही. बाबांनी अर्धं अंग बाहेर काढलं आणि हात उंचावला. ते काय म्हणणार हे मला माहीत होतं. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. गेट मागे पडेपर्यंत सोडला नाही.

बाबांना वाटलं, मीही जयघोषच करतोय. त्यांनी त्यांचा हात हॉर्नवरच्या माझ्या हातावर ठेवला आणि माझ्यासोबत दाबला. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

विहाराशी मूर्ती उतरली, वाळू उतरली, गाडी पुन्हा वर उठली. बाबा अंगणात सगळ्यांना सांगत होते, “माझ्या पोरानं बुद्धासाठी गाडी उंच केली.” म्हाताऱ्या माझ्या डोक्यावर हात ठेवून जात होत्या, आणि मी वाकत होतो.

ते अजून तेच सांगतात. गेटवर मी अजून ‘आपल्यातला’च आहे. सुपरवायझरने त्या दिवशी मला ओळखलं की नाही, ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. बाबा रोज सकाळी वळणावर उभे असतात. मी वरून हात करतो.

ठोकळे काढायला मिस्त्रीला तासभरही लागणार नाही, त्यानेच सांगितलंय. मी अजून गाडी त्याच्याकडे नेलेली नाही.