निरोपाची भाषणं लिहिणारा भाऊ

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याला सगळे लेखकराव म्हणत. म्हणत थट्टेनंच, पण कुणी निवृत्त होणार असलं की त्याच्याच टेबलाशी येऊन उभे राहत. निरोपाचं भाषण लिहावं तर त्यानंच! हाताखालच्यांना आयुष्यभर छळणारा साहेब असो नाहीतर वरकमाईत बंगला बांधलेला इंजिनिअर, त्याच्या कागदावर सगळेच मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष. ऐकता ऐकता साहेबांच्या बायकोलाही वाटायचं, असला माणूस आपल्या वाट्याला का नाही आला?

आता हे काही तो जन्मतः शिकून आला नव्हता. शाळेत असताना त्यानं वडिलांवर निबंध लिहिला होता. वडील पिऊन आले की ताट भिंतीवर भिरकावतात आणि ताई मुकाट्यानं सांडलेलं गोळा करते, असं जसंच्या तसं लिहिलं. बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. बाईंचा हेतू चांगलाच होता, नाही कोण म्हणतंय? पण त्या संध्याकाळी मार बसला तो मध्ये पडलेल्या ताईला. तिचा डावा कान गेला तो कायमचा. आईनं त्याला जवळ ओढलं आणि बजावलं, चांगलं असेल तेवढंच लिहावं. ते त्यानं असं मनावर घेतलं की पुढे कुठल्याच साहेबाला त्याला काही शिकवावं लागलं नाही. मधल्या काळात कथा लिहून पाहिल्या, त्या परत आल्या. संपादकांनी कळवलं, तुमच्या कथेत कुणी कुणाशी वाईट वागतच नाही हो.

ताईचं लग्न वडिलांनी होऊ दिलं नाही, आणि त्यांचं शेवटचं दुखणं मात्र तिनंच काढलं. आता ती स्वतः अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"एवढ्या लोकांवर लिहिलंस," ती एका दुपारी म्हणाली, "एकदा माझ्यावर लिही. झालं तसं. मी आहे तोवर वाचून दाखव."

त्यानं रजा काढली, तिच्या खाटेशी टेबल ओढलं आणि मन लावून लिहिलं. मग तिच्या उजव्या बाजूला बसून वाचलं. वडील शिस्तीचे होते. ताईनं हसतमुखानं घर सांभाळलं.

ताई छताकडे बघत राहिली. "म्हणजे आपल्या घरात काहीच झालं नाही," ती म्हणाली.

तो ओशाळला. पुन्हा लिहितो म्हणाला. तिनं सांगितलं, सगळं राहू दे, वडिलांनी मला मारलं एवढंच लिही. एक वाक्य! तो रोज बसायचा. 'वडिलांनी' लिहून व्हायचं आणि पुढे हात आपोआप 'कष्टानं वाढवलं' लिहून मोकळा व्हायचा. खोडायचा, पुन्हा तेच. स्वतःची इतकी चीड त्याला कधी आली नव्हती. काही दिवसांनी ताईनं विचारणं सोडलं, आणि मग ती गेलीच.

शोकसभेला नातेवाईक जमले. तू लेखक माणूस, दोन शब्द बोल, म्हणून सगळे मागे लागले. त्याच्या खिशात ताईला वाचून दाखवलेला तोच कागद होता. त्यानं तो वाचला, आणि छान वाचला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. काकांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वडिलांचं नाव काढलंस," ते म्हणाले.

आणि सवयीनं त्यानं हात जोडून आभार मानले.