पेरूची पाटी आणि अनैसर्गिक लिंक

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ती वाटीभर कालवण देऊन गेली, तर वाटी धुऊन तिच्यात निदान गुळाचा खडा तरी घालायचा. लग्न होऊन राहात्याला आले तेव्हा सासूबाईंनी हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे इंटरनेटलाही लागू केलं, आणि तिथेच फसले.

सासूबाईंची पेरूच्या कलमांची रोपवाटिका आहे. कलमं त्या स्वतः बांधतात, आणि सुनेला ते अजून जमत नाही हे आल्यागेल्याला आवर्जून सांगतात. मला जमते ती वेबसाइट. कलम कधी लावायचं, खड्डा किती घ्यायचा, पाणी कधी तोडायचं, सगळं मी साध्या मराठीत लिहिलं. वाचणारे वाढले. काहींनी आपापल्या साइटवरून आमच्याकडे लिंक दिली. शेवगावचे एक निवृत्त गुरुजी पक्ष्यांवर लिहितात, त्यांनी दिली. राहुरीच्या एक बाई पाककृती लिहितात, त्यांनी पेरूच्या भाजीखाली दिली. असे एकूण आठ जण. सर्च इंजिन अशा लिंक बघतं आणि कुणाला वर दाखवायचं ते ठरवतं, एवढं मला ठाऊक होतं.

आठ घरची भांडी आली होती, ती रिकामी कशी परत करणार? थंडीत आमची पेरूची बाग लगडलेली होती. प्रत्येकाला मी पेरूची एकेक पाटी पाठवली. वर साइटवर आभाराचं खास पान केलं. मथळा दिला, 'लिंक दिल्याबद्दल पेरूची पाटी पोच', आणि खाली आठही नावं. गुरुजींनी तर त्यांच्या पानावर हौसेने लिहिलं, 'पेरूच्या बदल्यात ही लिंक. सौदा गोड आहे.' ते वाचून मी दिवसभर हसत होते.

चैत्रात सर्च इंजिनचा निरोप आला. तुमच्याकडे येणाऱ्या लिंक अनैसर्गिक आहेत, म्हणून साइट निकालांतून काढली आहे. पैसे किंवा वस्तू देऊन मिळवलेल्या लिंकवर 'प्रायोजित' अशी खूण हवी, असा नियम आहे. आम्ही तो मोडला होता, आणि पुरावाही आमचा आम्हीच छापला होता.

सासूबाई रोज सकाळी चहा पिताना फोन तोंडाजवळ धरून 'राहात्याची पेरूची कलमं' असं म्हणत. आपलं नाव पहिलं आलं की मगच बशी तोंडाला लावत. त्या दिवशी बशी तशीच राहिली.

"आज आपलं न्हाई आलं. फोन बिघडला का गं?"

मी सगळं सांगितलं.

"अनैसर्गिक म्हंजी?"

"म्हणजे आपोआप आलेलं नाही, मुद्दाम केलेलं."

"मग कलम तरी कुठं आपोआप येतं?"

मला काळजी वेगळीच होती. त्या वर्षी माझ्या साइटच्या भरवशावर त्यांनी दुप्पट कलमं बांधली होती. आषाढ सरला की कलमाच्या पिशवीत मुळ्या गोल वळायला लागतात. तसलं कलम त्या विकत नाहीत, उपटून टाकतात. गिऱ्हाईक आलं नाही तर त्यांच्या हातची निम्मी मेहनत उकिरड्यावर जाणार होती, आणि ती माझ्यामुळे.

आमच्या जागी आता वर कोण होतं? एक मोठं शेती पोर्टल. त्यांचं दरपत्रक मला पूर्वीच मेलवर आलं होतं. लेखात लिंक हवी तर एक दर, पहिल्या पानावर हवी तर दुसरा. खाली टीप होती, 'प्रायोजित असं लिहिणार नाही, काळजी नसावी.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी तणतणत ते दरपत्रक जोडून तक्रार पाठवली. म्हटलं, लपवलेलं यंत्राला दिसत नसेल एकवेळ, पण आता तर मी हातात आणून दिलंय. उत्तर आलं नाही. पोर्टल होतं तिथेच राहिलं.

सुटायचं तर आठही लिंक काढायला लावायच्या आणि मग फेरविचाराचा अर्ज करायचा. मी भीतभीत गुरुजींना फोन लावला.

"दिलेली लिंक काढायची? मग पेरूबी परत करू का? ते तर आमी खाल्ले!"

ते खरंच दुखावले होते. राहुरीच्या बाई तर रडवेल्या झाल्या, "माझं काही चुकलं का?" मी नियम समजावत बसले आणि जास्तच गोंधळ केला. शेवटी सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"ताई, लिंक काढा, पन येनं-जानं ठेवा."

एवढंच. बाई हसायला लागल्या. गुरुजींना पुन्हा फोन गेला, मग उरलेल्या सहाही जणांना, आणि प्रत्येकाला हेच वाक्य. संध्याकाळपर्यंत आठही लिंक गेल्या. मी आभाराचं पान काढून अर्ज पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी दारात एक जीप उभी राहिली. गुरुजी उतरले, मागून त्यांच्या गावचे चार शेतकरी.

"लिंक काढली, म्हनून सोता आलो."

मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. पुढच्या आठवड्यात राहुरीच्या बाई बचत गटाच्या बायकांना घेऊन आल्या. प्रत्येकीने परसात लावायला दोनदोन कलमं नेली, आणि घरी जाऊन आणखी चौघींना धाडलं. उरलेले सहा जणही कुणी भावाला, कुणी व्याह्याला घेऊन येऊन गेले. रोज कुणीतरी यायचं, रोपवाटिकेच्या हिरव्या नेटखाली सासूबाईंचा आवाज चढायचा, "मुळी बघा मुळी, पानाला काय बघता!" आषाढ लागायच्या आत नेटखालची जमीन झाडून काढता येईल इतकी मोकळी झाली.

आणि त्याच आठवड्यात सर्च इंजिनचं उत्तर आलं. अर्ज मान्य, साइट पुन्हा निकालांत. पोर्टलबद्दल अवाक्षर नाही. ते आजही वर आहे, आणि माझा राग आजही गेलेला नाही. मी ते पत्र सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या खराटा टेकवून ऐकत होत्या.

"माफ केलं व्हय त्यांनी?" त्या म्हणाल्या. "लई उपकार. आता कळव त्यांना, माल संपला."