तुपातला शिरा

रवा तुपात भाजल्याचा वास आला, की मला दुष्काळातलं कल्याण स्टेशन आठवतं. घाटावरून उतरलेली उपाशी माणसं तिथे बसून होती. त्यांना जेवू घालायला आम्ही गावातल्या मंडळींनी सभा काढली होती. मी पेज सुचवली.

"दारी आलेल्याला पेज वाढायची? लोक काय म्हणतील!" अध्यक्ष म्हणाले. शिरा ठरला.

एका म्हाताऱ्याने तो पुन्हा पुन्हा मागून खाल्ला, पत्रावळ चाटली आणि हात जोडून म्हणाला, "अन्नदाता सुखी भव!" दिवस मावळायच्या आत तो पोट धरून तिथेच गेला. उपाशी आतड्यांना तूप सोसत नाही, हे वैद्यांनी नंतर सांगितलं.

आशीर्वाद मात्र फळला. सभेतले आम्ही सगळे सुखात आहोत.