हाताचा फोटो

दादा वजनकाटे दुरुस्त करतो. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, आतून पोखरलेलं वजन, ढिली केलेली स्प्रिंग, असली लबाडी त्याला लांबून दिसते. रिकाम्या तराजूच्या दोन पारड्यांत जो लपलेला फरक असतो त्याला पासंग म्हणतात. तो दादाच्या नजरेतून कधी सुटत नाही, म्हणून बाजारात त्याचं नावच पासंग पडलं. या धंद्यात उभा जन्म गेला की माणसाला सगळं जग खोट्या वजनाचं वाटायला लागतं. दादाचा सख्ख्या बहिणीवरही भरवसा नाही. चहात साखर घातली आहे असं मी सांगितलं तरी तो आधी ढवळून बघतो.

पण लेकीवर त्याचा जीव. माझी ही भाची आईसारखी लहान चणीची. खालचा जबडा मागे राहिलेला, वरचे दात पुढे आलेले, ओठ मिटायचे नाहीत. शाळेत पोरं तिला काय म्हणायची ते मी इथे लिहीत नाही, माझ्या जिभेला हाड नसलं तरी. तेव्हापासून तिला सवयच लागली. बोलताना, हसताना उजवा हात तोंडावर. घरातसुद्धा. जेवताना चमचा डाव्या हातात.

ती बारा वर्षांची होती तेव्हा आम्ही तिला दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी नीट तपासलं.

"नुसत्या तारा लावून भागणार नाही," त्या म्हणाल्या. "जबडाच मागे आहे. हाड वाढत असतं तोवर तोंडात साचा बसवून तो पुढे आणता येतो. आधी चेहऱ्याचा एका बाजूने एक्स-रे काढू, आणि डाव्या हाताचा."

"हाताचा?" दादा म्हणाला.

"मनगटाची आणि बोटांची हाडं बघून कळतं, अंगाची वाढ किती उरली आहे. नुसत्या वयावरून किंवा उंचीवरून नाही कळत. साचा कधी बसवायचा ते त्यावर ठरतं."

दादाने लेकीला खुर्चीवरून उतरवलं आणि जिन्यातच सुरू झाला. "आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. दुखणं तोंडात, फोटो हाताचा. उद्या दाढ किडली तर गुडघ्याचा काढतील."

हा विनोद त्याने बाजारभर सांगितला. लोक हसले, आणि मग त्याला तो सोडवेना. वहिनीने समजावलं, मी भांडले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"अजून केवढीशी आहे ती," तो म्हणायचा. "वाढायची आहे अजून. घाई त्या बाईला आहे, आपल्याला नाही."

दुकानाच्या चौकटीवर तो पेन्सिलने तिची उंची आखायचा. रेघा वर सरकत होत्या, मग जवळजवळ यायला लागल्या, मग एकीवर एक. गुंजभर फरक पकडणाऱ्या माणसाला ती चौकट रोज दिसत होती. मला त्याचा आजही राग येतो.

पंधराव्या वर्षी ती शाळेच्या पायऱ्यांवर पडली. पुढे आलेले दात आधी आपटले आणि एकाचा तुकडा पडला. तेव्हा दादा आपण होऊन उठला. बैल गेला आणि झोपा केला.

त्याच बाई, तीच खुर्ची. या वेळी दादाने काही न विचारता फोटो काढू दिले. बाईंनी डाव्या हाताचा फोटो दिव्याच्या पाटीवर लावला.

"वाढ चालू असती तर बोटांच्या या हाडांच्या टोकाशी फट दिसली असती," त्या म्हणाल्या. "हिच्या सगळ्या मिटल्यात. आता साचा बसवून जबडा पुढे येणार नाही. दात थोडेफार मागे घेता येतील. जबड्यासाठी मात्र मोठेपणी ऑपरेशन करावं लागेल, हाड कापून."

"कधी मिटल्या?"

"ते आता कसं सांगणार? तेव्हा फोटो काढला असता तर हातात किती वेळ आहे ते कळलं असतं."

दादा उठून फोटोजवळ गेला. काट्याची दांडी बघतो तसा एक डोळा मिटून त्याने एकेक बोट तपासलं. फट शोधत होता.

"बाई, परत काढा," तो म्हणाला. "यंत्रात फरक असतो."

"यंत्र ठीक आहे."

"मग दुसऱ्या हाताचा काढा. एका पारड्यावरून वजन ठरत नाही. उजव्याचा काढा. माझ्यासाठी काढा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही हात सारखंच सांगणार, हे बोलायचं त्यांच्याही जिवावर आलं असावं. जन्मात दादाने कुणाची विनवणी केलेली मी ऐकली नव्हती. मला रडू आलं, आणि त्याचाही रागच आला.

भाची खुर्चीत पुढे सरकली. तिला सगळं कळलं होतं, ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. बापासाठी तिने उजवा हात तोंडावरून काढला आणि बाईंच्या टेबलावर पालथा ठेवला. तुटका दात, न मिटणारे ओठ, सगळं दिव्याखाली उघडं पडलं. दादाने एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तो खाली बसला.