दादा घरी होता तेव्हा

दादा बी.कॉम., मी आठवी नापास. मग कामाला मी कसा लागलो आणि तो घरी कसा राहिला? आईला विचारलं, बाबांना विचारलं, खुद्द दादाला विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. पण माणूस नऊ वर्षं घरी असला की किस्से मात्र साठत जातात. तो गेल्यापासून एकेक आठवतोय. सांगून टाकतो.

*

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत, शिफ्टला. चाळीत बोभाटा नको म्हणून आई दादालाही रोज डबा द्यायची. तो नऊला इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि शिवमंदिराच्या मागे झाडाखाली पेपर वाचत बसायचा.

एकदा बाबांच्या खात्यातल्या माणसाने त्याला तिथे जेवताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी गेटवरच म्हणाला, "काय हो, तुमच्या मुलाची कंपनी देवळात आहे वाटतं?"

बाबा म्हणाले, "हो ना! तुमच्यासारखे लोक रोज नवस करतात, फार ओव्हरटाइम पडतो!"

घरी आल्यावर मात्र महिनाभर दादाशी बोलले नाहीत.

*

बदलापूरला मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

मामा म्हणाला, "बी.कॉम. आहे."

"ते कळलं. करतो काय?"

मामा कपात बघत बसला. शेवटी दादाच बोलला, "घरी असतो. तुमच्या मुलीला सोबत होईल!"

हसली फक्त ती मुलगी. तिच्या बापाने पोह्यांच्या बश्या उचलायला लावल्या. माझी अर्धी राहिली होती.

*

मी उल्हासनगरला जीन्सच्या पँट शिवायच्या कारखान्यात होतो. शेठ सिंधी, मनाने बरा. दादाला त्याच्याकडे नेलं. शेठने सर्टिफिकेट बघून परत दिलं. "बी.कॉम. को मशीन पे बिठाऊं? गलती करेगा तो गाली कैसे दूं?"

माझं डोकं सटकलं. कात्री फेकली. "मग मला पण नको तुमची नोकरी!"

बाबा नुकतेच नाइट करून आले होते. आम्हा दोघांना भरदिवसा दारात बघून म्हणाले, "बसा. दोघं बसा. मी उभाच आहे!"

तिसऱ्या दिवशी दादाच मला शेठकडे सोडून आला. माफीही माझ्या वतीने त्यानेच मागितली.

*

मग त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग हॉस्पिटल. मी रजा टाकून खाटेजवळ बसलो, तर म्हणाला, "तू जा रे कामाला. रजा तुझी जाते, माझी एकही जात नाही!"

दोन दिवसांनी गेला.

शेजारच्या मावशी आईच्या गळ्यात पडून रडल्या, "लग्न नव्हतं झालं, ते एक बरं झालं गं." मी त्यांना घराबाहेर काढलं.

*

त्याच्या कपड्यांत एम्प्लॉयमेंट ऑफिसचं कार्ड निघालं. नोकरीसाठी नाव नोंदवल्याचं. ठरलेल्या तारखेला शिक्का मारून आणला नाही, तर नाव रद्द होतं. तारीख त्याच आठवड्यातली होती.

मी जाऊन लाइनीत उभा राहिलो. साहेबांनी कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं.

"हे तुमचं?"

"भावाचं."

"तो का नाही आला? कुठे लागला का? लागला असेल तर नाव काढून टाकतो."

"नाही नाही, साहेब!" मी म्हटलं. "घरीच आहे."

त्यांनी शिक्का मारला. "तीन वर्षांनी त्यालाच पाठवा. तुम्ही येऊ नका."